हवामान-बदलाचा खर्च कोणाच्या खातीं पडावा?

हवामान बदलत आहे कीं नाहीं, याविषयीं शेतकऱ्यास आतां कोणीं व्याख्यान देण्याची गरज उरलेली नाहीं. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला आगगाडीनें न्यावें लागलेलें पिण्याचें पाणी, आणि सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत व सोलापूरकडे पुरानें मातीसकट खरवडून नेलेलीं शेतें, हें सर्व आपण पाहिलें आहे. प्रश्न आतां निराळा आहे. शेतीची रीत बदलली पाहिजे, पाणी कमी वापरलें पाहिजे, झाडें वाढविलीं पाहिजेत, असें सरकार म्हणतें, शास्त्रज्ञ म्हणतात, आणि परदेशचीं मोठमोठीं मंडळेंहि म्हणतात. परंतु या बदलाचा खर्च कोणीं सोसावयाचा व लाभ कोणाच्या नांवें जमा व्हावयाचा, हें कोणी स्पष्ट बोलत नाहीं. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. मराठी शाळेंतलें शिक्षण, आणि तीस-एकतीस वर्षें महसूल खात्यांतील कारकुनी, एवढीच त्याची शिदोरी. हिशेब आणि नोंद या दोन गोष्टींपलीकडे मला फारसें कळत नाहीं. पण माझ्या समजुतीप्रमाणें हा प्रश्न मुळांत हिशेबाचा व नोंदीचाच आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

डोंगरउतारावरील शेतकऱ्यानें ताली-बांध घातले, तर खालच्या गांवच्या विहिरींस पाणी लागतें आणि धरणांत गाळ कमी जातो. बांधावर कडुनिंब, करंज, बाभूळ राखली, तर मधमाश्या व पांखरें टिकतात आणि हवेंतील कर्बवायु लांकडांत सांठून राहतो. भाताच्या खाचरांत पाणी सतत तुंबवून न ठेवतां मधून मधून आटूं दिलें, तर खाचरांतून निघणारा मिथेन वायु पुष्कळ कमी होतो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें यासाठीं भोंकें पाडलेली नळी शेतांत पुरून, पाणी जमिनीखालीं सुमारें अर्धा फूट उतरलें म्हणजे पुन्हां पाणी द्यावें, अशी सोपी रीत घालून दिली आहे. (कोंकणांतील पावसाळी खाचरांस ती कशी लावावी हें मात्र पर्जन्यराजासच विचारावें लागेल.) या सर्वांस हल्लीं 'परिसंस्थेच्या सेवा' असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव नवें, वस्तु जुनी. धनगरांच्या मेंढ्या रात्रीं शेतांत बसवून घेतल्या म्हणजे त्याबद्दल धान्य किंवा पैसे देण्याची चाल आपल्याकडे पूर्वींपासून आहे. मेंढ्यांनीं खत दिलें, मालकानें मोबदला दिला; त्यांत कोणाचा कोणावर उपकार नव्हता. आतांच्या या सेवांत मात्र सेवा करणारा एकीकडे आणि लाभ घेणारा शंभर कोसांवर, किंबहुना समुद्रापलीकडे असतो. त्यामुळें मोबदल्याचें नांव निघालें कीं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

या बाबतींत एका गांवाची हकीकत फार बोधप्रद आहे. हरियाणांत शिवालिक डोंगराच्या पायथ्याशीं सुखोमाजरी नांवाचें लहानसें गांव आहे. चंदीगड शहरासाठीं सन १९५८ मध्यें सुखना नांवाचा तलाव बांधला. पण वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याचा निम्म्याहून अधिक भाग गाळानें भरून गेला. हा गाळ येई तो अशा गांवांवरच्या उघड्याबोडक्या डोंगरांवरून, जेथें गांवकऱ्यांच्या शेळ्या व गुरें मोकाट चरत. अधिकाऱ्यांनीं डोंगरावर झाडें लावून पाहिलीं. पण जोंपर्यंत चराई चालू होती तोंपर्यंत लावणी टिकणें शक्यच नव्हतें. मृद्संधारण संस्थेच्या चंदीगड केंद्रांतील श्री. पी. आर. मिश्रा यांच्या ध्यानांत आलें कीं, शहराच्या तलावासाठीं खेड्यानें आपल्या शेळ्या विकाव्या, ही गोष्ट नुसत्या उपदेशानें घडणार नाहीं. मग गांवाच्या वरच्या अंगास मातीचे लहान बंधारे घालून त्यांचें पाणी गांवाच्या शेतीस दिलें. येथपर्यंतची गोष्ट आपल्याकडेहि कित्येक गांवांत घडली आहे. खरी मेख पुढें आहे. बंधाऱ्याचें पाणी ज्यांच्या शेतास मिळे, त्यांस डोंगर राखण्यांत गोडी वाटूं लागली. पण ज्यांना शेतच नव्हतें, त्यांनीं शेळ्या कां आवराव्या? तेव्हां गांवानें असें ठरविलें कीं, पाण्यांत दर कुटुंबाचा वांटा सारखा. मग त्यास जमीन असो वा नसो. भूमिहीनानें आपला वांटा हवा तर दुसऱ्यास द्यावा व त्याचे पैसे घ्यावे, नाहींतर वाट्यानें शेत करून त्यास लावावा. त्यानंतर कुंपण न घालतां डोंगर राखला गेला, गवत माजलें, दूधदुभतें वाढलें, आणि तलावाकडे जाणारा गाळ पुष्कळ घटला. वांट्याची ती मूळ पद्धत पुढें जशीच्या तशी टिकली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि जो डोंगर सरकारी बंदोबस्तानें राखला गेला नाहीं, तो न्याय्य वांटणीनें राखला गेला, ही गोष्ट खोटी होत नाहीं.

असेंच तत्त्व आपल्या पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं सन १९७२ च्या दुष्काळानंतर 'पाणी पंचायत' काढून घालून दिलें. पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर माणसांच्या मानानें द्यावयाचें. दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनासहि हक्क. ऊस लावावयाचा नाहीं. या नियमांवर त्या काळीं पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. ज्याची जमीन अधिक त्यास पाणी अधिक, ही समजूत आपल्या हाडींमाशीं खिळलेली आहे; आणि ज्याचें नांव कागदावर त्यासच मोबदला, ही तिचीच धाकटी बहीण आहे.

कागदाचा हा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या लहान देशानें सन १९९६ मध्यें वनकायदा करून, जंगल राखणाऱ्या जमीनमालकास सरकारी तिजोरींतून पैसे देण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठीं मोटारींच्या तेलावरील कराचा एक भाग, शेंकडा साडेतीन, लावून दिला. म्हणजे ज्याची मोटार धूर सोडी त्याच्याच खिशांतून झाड राखणारास पैसे मिळत. ही युक्ति वाखाणण्यासारखी आहे. परंतु आरंभीं ज्यांच्यापाशीं जमिनीचे पक्के दस्तऐवज होते त्यांसच ते पैसे मिळत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेस राहणारे पण कागद नसलेले लहान शेतकरी बाहेर राहत. पुढें नियम सैल करावे लागले.

आणि बदल घाईनें लादला म्हणजे काय होतें तें श्रीलंकेनें दाखविलें. सन २०२१ च्या मे महिन्यांत तेथील सरकारनें रासायनिक खतांची आयात एका हुकुमानें बंद केली. शेणखत-कंपोस्टाची तयारी नाहीं, शेतकऱ्यास शिक्षण नाहीं, मधल्या तुटीची भरपाई नाहीं. भाताचें उत्पन्न कोसळलें, चहाचे मळे अडचणींत आले, आणि नोव्हेंबरांत हुकूम मागें घ्यावा लागला. सेंद्रिय शेती वाईट असा याचा अर्थ नव्हे. जमीन सुधारण्यास वर्षें लागतात, पोटास मात्र रोज लागतें, एवढाच.

ही मधलीं वर्षें कशीं निभवावीं, याचा एक चांगला धडा आपल्याच राज्यानें पूर्वीं घालून दिलेला आहे. रोजगार हमीचा कायदा सन १९७७ चा. त्यासाठीं त्याआधींच, सन १९७५ मध्यें, व्यवसाय कर बसविला. शहरांतील नोकरदार व धंदेवाले यांच्या करांतून खेड्यांतील मजुरास काम, असा तो बेत. पुढें सन १९९० पासून त्याच योजनेला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्यानें स्वतःच्या जमिनींत आंबा, काजू, बोर, डाळिंब लावावें, आणि खड्डे, रोपें व पहिल्या तीन वर्षांची मशागत यांचा खर्च, झाडें जगतील त्या मानानें, सरकारनें द्यावा. कोंकणांतील कित्येक वरकस टेंकड्या त्यामुळें हिरव्या झाल्या. त्या वेळीं मी नवा कारकून होतों. झाडें मोजण्याच्या कामीं खोटीं रोपें दाखविणारे महाभाग भेटले नाहींत असें नाहीं. पण योजनेचें कलम बरोबर होतें: ज्या बदलाचें फळ पांच वर्षांनीं येणार, त्याचीं पहिलीं वर्षें शेतकऱ्याच्या उधारीवर ढकलावयाचीं नाहींत.

आतां हल्लींची स्थिति पाहूं. झाडें लावा, त्यांत सांठलेल्या कर्बाचें मोजमाप करूं, एक टन कर्बवायूचें एक 'क्रेडिट' धरून तें परदेशच्या कारखान्यांस विकूं आणि तुम्हांस पैसे देऊं, असे सांगणारे लोक गांवोगांव येऊं लागले आहेत. कल्पना त्याज्य नाहीं. पण करार हा महसुली माणसाच्या डोळ्यांनीं वाचावा. मुदत किती वर्षांची? मध्यंतरीं झाड वाळलें, वणवा लागला, किंवा मुलीच्या लग्नासाठीं तोडावें लागलें, तर दंड कोणास? विक्रीच्या रकमेंत शेतकऱ्याचा वांटा किती, आणि मोजणाऱ्याचा, दलालाचा खर्च आधीं वजा करावयाचा कीं नंतर? जमिनीची वांटणी झाली तर करार कोणावर बंधनकारक? हे प्रश्न विचारतांच पुष्कळ पाहुण्यांस परतीची गाडी आठवते. आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यांत आली. एका खातेदारानें दहा एकर रानांत झाडें लावण्याचा करार केला, आणि तें रान बारा वर्षें वाट्यानें करणाऱ्या कुटुंबास आखाडांत सांगितलें कीं उद्यांपासून येऊं नका. कायद्यानें त्यांत गैर कांहींच झालें नाहीं. त्या कुटुंबाचें नांव कोणत्याच नमुन्यांत नव्हतें.

गायरानाची कथाहि अशीच. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यांत सौर कृषि वाहिनी योजना चालू आहे. रात्रीं दोन वाजतां साप-विंचवांतून मोटार चालू करण्यास जाणें ज्यास माहीत आहे, तो या योजनेस नांवें ठेवणार नाहीं. खाजगी जमीन दिली तर हेक्टरीं दरसाल सव्वा लाख रुपये भाडें व त्यांत दर वर्षीं शेंकडा तीन वाढ, हाहि दर समाधानकारक आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं जागा निवडली जाते ती गांवच्या सरकारी जमिनीची, आणि त्यांत गायरानें येतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ अन्वयें गुरांच्या मोफत चराईसाठीं राखलेली ही जमीन. नकाशावर ती 'पडीक' दिसते. पण गांवांत फिरून पाहिलें तर तेथें विधवा बाईची शेळी चरते, भूमिहीनाची गाय चरते, आणि दिवाळीनंतर मेंढपाळाचा वाडा उतरतो. वीज मिळणार मोटार असलेल्यास, म्हणजे विहीर असलेल्यास, म्हणजे तुम्हांआम्हांस. चराई जाणार ती ज्यास विहीर नाहीं त्याची. अशा वेळीं ठराव करण्यापूर्वीं ग्रामसभेनें दुसरी चराई नेमून द्यावी, निदान पंचायतीस मिळणाऱ्या पैशांतून वैरण तरी पुरवावी, असें कोणी म्हटलें तर त्यास विकासाचा शत्रु ठरविण्याचें कारण नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें मोकाट चराई बंद केली, तेव्हां राखलेल्या रानांतून गवत कापून नेण्याची मोकळीक गांवास ठेवली. बंदी आणि पर्याय एकाच वेळीं आले, म्हणून ती बंदी टिकली.

उसासंबंधीं लिहूं लागलों तर हा अंक पुरावयाचा नाहीं. थोड्या जमिनीवरचा ऊस पाटाच्या व विहिरींच्या पाण्याचा मोठा वांटा घेतो, हें बागाईतदारांनींहि आतां मान्य केलें आहे. तो कमी करा म्हणणारे बागाईतदाराच्या तुटीचा विचार करतात. बीडकडून दरसाल उचल घेऊन निघणाऱ्या कोयत्यांचा करीत नाहींत. ऊस अर्धा झाला तर त्या नवरा-बायकोनें दसऱ्यानंतर कोठें जावयाचें, या प्रश्नास बदलाच्या एकाहि आराखड्यांत स्वतंत्र रकाना मला दिसला नाहीं.

पृथ्वी तापविण्यांत ज्यांचा हात मोठा, त्या धनाढ्य देशांनीं गरीब देशांस मदत द्यावी, ही मागणी आपल्या देशानें जागतिक परिषदांत सतत लावून धरली आहे व ती सर्वस्वीं रास्त आहे. सन २००९ मध्यें कोपनहेगन येथें त्यांनीं २०२० पर्यंत दरसाल शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचें वचन दिलें. तें पुरें झालें २०२२ सालीं, आणि त्यांतहि मोठा भाग कर्जाचा. सन २०२४ मध्यें बाकू येथें २०३५ पर्यंत दरसाल तीनशें अब्जांचा आंकडा ठरला, तो फार तोकडा म्हणून आपल्या प्रतिनिधींनीं तेथेंच निषेध केला. ठीकच केलें. परंतु ज्यानें नुकसान केलें नाहीं त्यानें तें सोसूं नये, आणि जो राबतो त्यास मोबदला मिळावा, हा न्याय जर आपण साता समुद्रांपलीकडे मागतों, तर तोच न्याय आपल्या बांधावर उभा राहून आपला बटाईदार मागतो, तेव्हां आपल्याला ऐकूं कां येत नाहीं?

हें मी कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. पहिला दोषी मीच आहें. सन २०१४ च्या गारपिटीनंतर अनुदानाच्या याद्या माझ्या टेबलावरून गेल्या. पंचनामे आले, सातबाऱ्याप्रमाणें खातेदारांचीं नांवें लिहिलीं, बँकेचे क्रमांक जुळविले, रकमा जमा झाल्या. महिन्याभरानें एक वयस्क गृहस्थ कचेरींत येऊन उभे राहिले. अर्धेलीनें चार एकर गहूं केला होता. बियाणें अर्धें त्यांचें, राबणूक सगळी त्यांची. ते म्हणाले, "भाऊसाहेब, गारा माझ्या गव्हावर पडल्या, मग पैसे पुण्याला कसे पोहोंचले?" जमिनीचे मालक पुण्यास नोकरीस होते. मीं त्यांस नियम समजावून सांगितला. नियम बरोबर होता व माझी यादीहि बरोबर होती. ते गेल्यावर मीं चहा मागविला आणि पुढची यादी घेतली. आज बारा वर्षें होत आलीं, तें वाक्य माझ्या कानांतून जात नाहीं.

त्यानंतर काय सुधारलें? सन २०१९ पासूनचे किसान सन्मानाचे सहा हजार रुपये जमीन नांवावर असलेल्यांसच. सन २०२१ पासून आलेली ई-पीक पाहणी चांगली गोष्ट आहे. पीक कोणतें हें तींत कळतें, पण ज्याच्या घामानें तें उगवलें त्याचें नांव तेथेंहि बहुधा येत नाहीं. स्त्रियांचीहि तीच दशा. सन १९९२ मध्यें लक्ष्मी मुक्ति योजना निघाली, तींत नवऱ्यानें खुषीनें बायकोचें नांव सातबाऱ्यावर लावावें असें होतें. किती जणांनीं लावलें तें वाचकांनीं आपापला उतारा काढून पाहावें.

येथें वाचक म्हणतील, भाऊसाहेब, बटाईदाराचें नांव कागदावर घातलें कीं कूळ लागलें, मग जमीन गेली! ही भीति खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. सन १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण घराघरांत आहे. त्या कायद्यानें लाखों कुळें मालक झालीं, हें त्याचें मोठें पुण्य. आणि त्याच्या धाकानें पुढच्या सर्व वांटेकऱ्यांचीं नांवें कागदावरून कायमचीं पुसलीं गेलीं, हें त्याचें न लिहिलेलें कलम. पण मार्ग नाहींच असें नाहीं. आंध्र प्रदेशानें सन २०१९ मध्यें कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. मालक व कसणारा यांनीं अकरा महिन्यांचा करार करावयाचा. त्यानें जमिनीवर कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं, परंतु पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई कसणाऱ्यास मिळूं शकते. त्यांतहि मालकाची सही लागते, आणि पुष्कळ मालक ती देत नाहींत, हें व्यंग आहेच. तरी आपल्या विधिमंडळानें असा कायदा करावा म्हणून शेतकऱ्यांच्या संघानेंच अर्ज केला, तर त्याला वजन येईल. भूमिहीनांच्या मोर्च्यापेक्षां खातेदारांचा अर्ज सरकार लवकर वाचतें, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

तोंपर्यंत निदान संघानें स्वतःची एक वही ठेवावी. कोणाचें रान कोण करतो, बी-खत कोणाचें, झाडाचा किंवा अनुदानाचा पैसा आला तर कसा वांटावयाचा, एवढेंच तींत लिहावें. तिला कायद्याचें बळ नसेल. कूळ लागण्याचें भयहि नाहीं.

माझें स्वतःचें साडेचार एकर रान मीं निवृत्त झाल्यापासून अर्धेलीनें दिलेलें आहे. सन २०२५ च्या सप्टेंबरांत त्यांतील सोयाबीन चार दिवस पाण्याखालीं राहून कुजलें. अनुदान आलें तें माझ्या खात्यावर. बियाणें व खत दोघांचें, पेरणी, कोळपणी, खुरपणी सर्व त्याची, असा हिशेब करून तीन हिश्शांतले दोन मीं त्यास दिले. घरांत थोडी कुरबुर झाली. सही मागितली तेव्हां तो हंसून म्हणाला कीं, माझ्या सहीला आजवर कोणीं विचारलें नाहीं. तरी मीं दुरेघी वहींत तारीख घालून दोघांच्या सह्या घेतल्या. ती वही संघाच्या येत्या वार्षिक सभेंत मी टेबलावर ठेवणार आहें. पुढचीं पानें कोरीं आहेत.